सात नंबरचा दोर

१

थोरली गेली ती शनिवारी सकाळी सव्वाअकराला, घळीतल्या तिसऱ्या धबधब्याखाली. वर कड्यावर तिघं तिच्या शिट्टीची वाट बघत उभी होती. एक लांब शिट्टी म्हणजे पोचले, दोर मोकळा, पुढचा येऊ दे. शिट्टी आली नाही. खडकातल्या कडीतून दोर सर्रकन सहा मीटर सरकला आणि थांबला.

मंगळवारी तो दोर माझ्या टेबलावर आला, पोलिसांच्या चिठ्ठीसकट.

पडणं हा माझा धंदा होता, म्हणजे दुसऱ्यांचं पडणं. सव्वीस वर्षं मी लिफ्टचे दोर तपासले. निवृत्त झाल्यावर गिर्यारोहण संस्थेने मला हेरलं आणि अपघातांचे अहवाल माझ्या गळ्यात मारले. संस्थेतली पोरं मला लिफ्टवाल्या बाई म्हणतात. मी स्वतः जिने चढते, यावरून त्यांचे विनोद चालतात. या वेळी कोणी विनोद केला नाही.

फौजदारसाहेबांनी चिठ्ठीत विचारलं होतं, 'दोराच्या टोकाला गाठ का नव्हती? कोणी सोडली?' कोरड्या कड्यावर टोकाला गाठ मारतात, माणूस दोर संपून खाली निसटू नये म्हणून. पण वाहत्या पाण्यात मारत नाहीत. गाठ दगडांत अडकते, माणूस धारेखाली लटकून बुडतो. म्हणजे गाठ नव्हती हे बरोबरच होतं.

मग मी दोर मोजला. सात नंबर, नारिंगी, साठ मीटर, असं वहीत होतं. भरला बावन्न.

घळीत दोर दुहेरी करून कडीतून ओवतात. मध्यावर काळ्या शाईची खूण असते, ती कडीत आली की दोन्ही बाजूंना तीस तीस मीटर. दोन्ही पदर कमरेला अडकवलेल्या ब्रेकमधून ओवून उतरायचं आणि खालून एक पदर ओढला की सगळा दोर हातात. सात नंबरची खूण जागच्या जागी होती. तिच्या एका बाजूला तीस मीटर दोर होता आणि दुसऱ्या बाजूला बावीस. धबधबा होता अठ्ठावीस मीटरचा. आखूड पदर तिच्या कमरेच्या ब्रेकमधून निसटला तेव्हा खडक अजून सहा मीटर खाली होता.

दोन्ही टोकं वितळवून बंद केलेली होती आणि दोन्हीवर '७' लिहिलेली जुनी चिकटपट्टी होती. मी दोन्ही पट्ट्या सोलल्या. एका पट्टीखाली दोर नव्यासारखा नारिंगी निघाला, कारण तीन वर्षं त्या चार बोटांना ऊनच लागलं नव्हतं. दुसऱ्या पट्टीखाली दोर बाकीच्या दोरासारखाच फिकट आणि मळका होता.

कोणीतरी आठ मीटर कापले होते, टोक वितळवून बंद केलं होतं आणि कापलेल्या तुकड्यावरची पट्टी अलगद काढून नव्या टोकावर चढवली होती. हे दगडावर घासून तुटण्याचं काम नव्हतं. हे हाताने, सवड काढून केलेलं काम होतं.

२

"मी मोजलाच नाही," थोरलीची धाकटी बहीण म्हणाली. "लिहा तसं, मावशी. दोर सांभाळणं माझं काम होतं. चूक माझी."

त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो होतो. भिंतीवर दोन खुंट्या होत्या. उजव्या खुंटीवर वापरातले दोर, डाव्या खुंटीवर बाद झालेले. डावीवर एक नारिंगी वेटोळं लटकत होतं. उजवी खुंटी रिकामी होती, आणि तिच्याखाली आईची चाकांची खुर्ची.

"पहिल्या तारखेला वहीत साठ लिहिलंयस."

"खोटं लिहिलं. कंटाळा केला."

या मुलीला मी सात वर्षं ओळखते. ती घरातून निघताना गॅस दोनदा बघते आणि कोपऱ्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा बघते. कंटाळा आणि ती यांची कधी गाठ पडलेली नाही.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. बत्तीस वर्षं बंदरावर दोर जोडण्याचं काम केलेला माणूस. एकदा दोर ओढायच्या चरकात सापडून उजवा अंगठा चेचला, तो कायमचा चपटा आणि तिरका राहिला, त्यामुळे कपाचा कान ते दोन बोटांनीच धरत. त्यांनी एक कप माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला. धाकटीसाठी कप नव्हता. ती समोर बसली आहे हेच जणू त्यांना दिसत नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं, "तिलाही चहा..."

"दोर कोणीतरी कापलाय म्हणतात," ते माझ्याशीच बोलले. "मला टोक दाखवा. टोक बघितलं की हात कोणाचा ते मी सांगतो. शिंप्याला टाका कळतो तसा मला कळतो." मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि ज्यांनी मोजायचा त्यांनी मोजला असता, तर कापणाऱ्याचं काही चाललं नसतं."

धाकटीने मान खाली घातली. एक मुलगी गेली होती आणि दुसरीला हा माणूस जिवंतपणी पुसून टाकत होता. सोमवारी माझा अहवाल जायचा होता, त्यात मी धाकटीचं म्हणणं लिहिलं की निष्काळजीपणाचा गुन्हा तिच्यावर, आणि घरातलं हे मौन जन्मभराचं.

आतून आईची हाक आली. दार अर्धवट उघडं होतं. पलंगावरून आई छताला बांधलेल्या दोराच्या गाठी एकेक धरत, दमाने उठून बसत होती. मला बघून तिने हात हलवला. थोरली 'पाय घसरून' गेली एवढंच तिला सांगितलं होतं.

"गुरुवार-शुक्रवारी घरी कोण आलं होतं?" निघताना मी विचारलं. बुधवारी दोर धुतल्याची नोंद वहीत होती, म्हणजे कापला गेला तो त्यानंतरच.

"गुरुवारी दातांचे डॉक्टर, आईची दाढ बघायला," बाबा म्हणाले. "शुक्रवारी कप्तान. दोघंही दोरांच्या खोलीत बसले होते, इथेच."

३

शनिवारी कड्यावर धाकटीबरोबर उभे होते ते हेच दोघं. दोघांनाही मी घळीतच गाठायचं ठरवलं. दिवाणखान्यात माणूस शब्द मोजून बोलतो, पाण्यातून चालताना तेवढा दम राहत नाही. दम माझाच आधी गेला, ती गोष्ट वेगळी.

घळीत शिरायला नदीच्या पात्रातूनच वाट आहे. पहिला तास गुडघाभर पाण्यात, गुळगुळीत गोट्यांवरून. मग दोन्ही भिंती जवळ येत जातात, इतक्या की हात पसरले तर दोन्हीकडे ओला खडक लागतो आणि वर आभाळाची फक्त एक फीत उरते. उन्हाळा असूनही पाणी हाडांत शिरत होतं. पहिला धबधबा नऊ मीटर, दुसरा बारा. दोन्ही ठिकाणी मला या दोघांनी दोराने खाली सोडलं. कप्तान एरवी पोस्टात शिक्के मारतो, पण दोराच्या बाबतीत त्याचा हात लोण्यासारखा चालतो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटलं की हाच हात असेल तर?

"घळ तू शोधलीस," दुसऱ्याच्या तळाशी मी त्याला म्हटलं. "आणि थोरली तिचा नकाशा छापणार होती."

"भांडलो आम्ही, हो. छापलं की इथे जत्रा भरते, वेफर्सची पाकिटं पडतात. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, खडक काही तुझ्या मालकीचा नाही." तो थांबला. "बरोबरच बोलत होती ती."

"आणि डॉक्टर, तुम्हाला तिने नकार दिला होता."

डॉक्टर दगडावर बसून बुटातलं पाणी काढत होते. "दोनदा," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा म्हणाली, तुमच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते, संसार कसा करणार." ते हसायला गेले आणि त्यांना हुंदका आला. कप्तानाने तोंड फिरवलं.

"शनिवारी पहिल्या दोन धबधब्यांवर दोर आखूड आहे हे कसं नाही कळलं?"

"बारा मीटरला बावीस मीटर पदर सोडला काय नि तीस सोडला काय," कप्तान म्हणाला. "टोकं पाण्यातच पडतात."

"आणि धाकटीने दोर मोजला नव्हता."

"कोण म्हणतं?" तो चमकलाच. "पहिल्या तारखेला मोजपट्टीचं दुसरं टोक मीच धरलं होतं, बाई. साठ भरला. वर चार बोटं जास्त."

म्हणजे धाकटी खोटं बोलत होती. आणि स्वतःच्या विरुद्ध.

४

तिसऱ्या धबधब्याच्या माथ्यावर मी पालथी पडून खाली बघितलं. दहा मीटरवर खडकाचं पोट पुढे आलेलं, त्याखाली नुसते तुषार. तळ दिसत नाही. इथून ती हसत गेली असेल, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी.

"याची उंची तुम्हाला कशी कळली?"

"तिने दगड टाकला, सेकंद मोजले," डॉक्टर म्हणाले. "म्हणाली, अठ्ठावीसच्या आसपास, सात नंबर पुरेल. माझ्या पिशवीत लांब दोर होता. मी काढतो म्हटलं, तर म्हणाली, कशाला पसारा."

"त्याआधी?"

"त्याआधी कशी कळणार? दुसऱ्याच्या पुढे कोणी आलंच नव्हतं. माणसाचं पाऊलच पडलेलं नाही इथे."

मी तशीच पालथी पडून राहिले. पोटाखालचा खडक गार होता आणि माझं डोकं मात्र तापायला लागलं. तीन दिवस मी एकच प्रश्न उगाळत होते, दोर आखूड कोणाला करायचा होता? पण तिसरा धबधबा वीस मीटरचा निघाला असता तर बावीसचा पदर पुरला असता. चाळीसचा असता तर सात नंबर पिशवीतून निघालाच नसता. आठ मीटर कापून कोणी मरेल, हे गुरुवारी किंवा शुक्रवारी जगात कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं.

म्हणजे दोर कोणाला मारायला कापलाच नव्हता. ज्याने कापला त्याला दोर आखूड नको होता. त्याला तुकडा हवा होता, आठ मीटरचा.

आणि नीटनेटकं बंद केलेलं टोक, पुन्हा चढवलेली पट्टी? ते लपवालपवीचं काम नसेल, तर फक्त सवयीचं असू शकतं. टोक उघडं सोडणं ज्याच्या हाताला जमतच नाही, अशा माणसाच्या सवयीचं.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" कप्तानाने विचारलं.

मला बरं वाटत नव्हतं. अर्धवट उघड्या दारातून मी काय बघितलं होतं, ते मला आठवलं होतं.

५

रविवारी दुपारी बाबा औषधं आणायला बाहेर गेलेले बघून मी त्यांच्या घरी गेले. आईजवळ बसले, तिची विचारपूस केली. दोर डोक्यावरच होता. दुहेरी करून छताच्या हुकाला बांधलेला, वीतवीत अंतरावर गाठी मारलेल्या. नारिंगी, फिकट. एका टोकाजवळ मात्र चार बोटांचा पट्टा लख्ख, काल दुकानातून आणल्यासारखा.

"यांनी केलंय," आई कौतुकाने म्हणाली. "आता मला उठवायला कोणी लागत नाही. थोरली रोज दोनदा उठवायची, तिची पाठ भरून यायची. म्हणून केलं हो, तिच्यासाठीच."

मला तिथे बसवेना. स्वयंपाकघरात धाकटी ओट्याला टेकून उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"आपण ताईला पोचवून आलो ना, त्याच संध्याकाळी. आईला उशी देत होते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "गुरुवारी मी कामावरून आले तेव्हा बाबा म्हणाले, डाव्या खुंटीवरचा बाद दोर कापून आईला आधार केलाय. मला वाटलं चार नंबर. चार नंबर बादच आहे. मग त्या संध्याकाळी पट्टीची जागा बघितली आणि बाहेर जाऊन चार नंबर मोजला. तो अख्खा होता."

"सात नंबर डावीकडे गेला कसा?"

"ताईनेच टांगला. बुधवारी धुतला, उजवीकडून पाणी आईच्या खुर्चीवर ठिबकत होतं. मला सांगितलंनही, डावीकडे वाळतोय तो घे. मी सातचा आकडा बघितला आणि पिशवीत भरला. बाबा आकडे बघत नाहीत, मावशी. ते खुंटी बघतात. बाद दोराचंही टोक बंद करतात, त्याचीही पट्टी जपतात. त्यांचा हात तसाच आहे."

"आणि तू सगळं स्वतःवर घेतलंस."

"मग काय करू? त्यांना सांगू, की तुम्ही ताईला...?" तिला पुढे बोलवेना. पदराने नव्हे, भांडी पुसायच्या फडक्यानेच तिने तोंड दाबलं. "ते माझ्याशी बोलत नाहीत ते चालेल मला. निदान जेवतात तरी. सोमवारी माझंच नाव लिहा. पाया पडते तुमच्या."

मी तिला काही कबूल केलं नाही. नाहीही म्हटलं नाही. घरी जाऊन दोन अहवाल लिहिले, एक खरा आणि एक तिचा. दोन्ही वाचले आणि दोन्हींचा मला सारखाच तिटकारा आला.

६

सोमवारी दुपारी संस्थेच्या कचेरीत मी दोन्ही कागद पुढ्यात घेऊन बसले होते. दोर टेबलावर होता, साहेबांचा माणूस पाचला येऊन घेऊन जाणार होता. साडेचारला दार उघडलं आणि बाबा आत आले.

"तुम्ही दाखवणार म्हणून वाट बघितली," ते म्हणाले. "शेवटी मीच आलो."

मी दोरावर हात ठेवला. का ठेवला, मला माहीत नाही. लिफ्ट सुटल्यावर दार धरून काय उपयोग, हे मीच लोकांना शिकवत आले.

"भाऊ, नका बघू."

"माझी पोरगी गेलीय, बाई."

मी हात काढला. त्यांनी पहिलं टोक उचललं, चाचपलं आणि खाली ठेवलं. कारखान्यातलं टोक, गोल आणि निर्जीव. मग दुसरं उचललं. गरम टोक अंगठ्याने दाबून बंद करतात, त्यावर अंगठ्याचा आकार उमटतो. या टोकावर एक चपटा, तिरका उतार होता. त्यांनी सवयीने त्यावर अंगठा ठेवला आणि तो तिथे बरोबर बसला.

मग टोक डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. जणू कुठल्यातरी अंतरावरून ते दुसऱ्या कोणाचं दिसेल.

"डाव्या खुंटीवर होता," ते म्हणाले. "बाद होता तो."

"थोरलीने वाळत घातला होता. उजवीकडून खुर्चीवर पाणी पडत होतं."

"वरचाच काढला मी. खाली आणखी एक होता." त्यांनी खुर्ची चाचपली, पण बसले नाहीत. "वरचाच का काढला?"

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे केला.

"धाकटीला माहीत आहे?"

"हो. थोरलीला पोचवून आलो, त्याच संध्याकाळपासून."

"म्हणजे ती तेव्हापासून..." त्यांचे ओठ हलत राहिले. "आणि मी तिला चहासुद्धा विचारला नाही."

त्यांनी टेबलावरचे दोन कागद बघितले. काही न विचारता दोन्ही वाचले, धाकटीचं नाव असलेला फाडला, तुकडे खिशात ठेवले. दुसऱ्यावर, कापणाऱ्याच्या नावाची जागा मी कोरी सोडली होती, तिथे स्वतः नाव लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर अजिबात हललं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"साडेपाचला पोरींच्या आईला उठवायचं असतं," ते म्हणाले. "म्हणजे, आता तिची ती उठते."

त्यांना एकट्याने जाऊ द्यायचा धीर मला झाला नाही. दोर आणि सहीचा कागद साहेबांच्या माणसासाठी शिपायाकडे ठेवला आणि आम्ही निघालो. घरी पोचलो तेव्हा आई दोर धरून बसलेलीच होती. धाकटी पायथ्याशी चादर घडी करत होती. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चादर तिच्या हातातून गळाली.

"बरं झालं आलात," आई म्हणाली. "अहो, या दोराचं एक टोक लोंबतंय. सारखं मानेला लागतं. तेवढं जरा कापून द्या ना."

त्यांचा हात नेहमीच्या खिशात गेला, चाकू निघाला, पातं उघडलं. ते पात्याकडे बघत राहिले. मग ते मिटून त्यांनी चाकू धाकटीच्या हातात दिला.

"आधी मोज," ते म्हणाले.

नऊ दिवसांत तिच्याशी ते पहिल्यांदा बोलले. धाकटीने खणातून मोजपट्टी काढली. पट्टीचं दुसरं टोक मी धरलं.